ट्रॅफिकमध्ये गाडी तापते, रेडिएटरचा फॅन सुरूच होत नाही

प्रश्न
जुनी कार्ब्युरेटरवाली पेट्रोल गाडी आहे. रेडिएटरच्या खालच्या टाकीत दोन पिनांचा थर्मोस्विच (पाणी तापलं की फॅन सुरू करणारा स्विच), पुढे रिले (छोट्या करंटने फॅनचा मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच). गाडी पळत असताना तापमानाचा काटा मध्यावर असतो. उभी राहिली की लाल रेषेकडे सरकतो आणि फॅन ढिम्म. मोटरला बॅटरीवरून थेट वायर दिली की जोरात फिरते. ३० अँपिअरचा फ्यूज शाबूत आहे. थर्मोस्विच नवा घ्यावा का?

उत्तर १
एवढ्यात नको. स्विचचा कनेक्टर काढा, इग्निशन ऑन करा आणि कनेक्टरमधली दोन टोकं वायरच्या तुकड्याने एकमेकांना जोडा. हात आधी पात्यांपासून दूर. फॅन फिरला तर स्विच खराब आहे किंवा त्याच्यापर्यंत उष्णताच पोचत नाही. नाही फिरला तर रिलेचा ‘टक’ आवाज येतो का ते ऐका. आवाज नसेल तर रिले काढून त्याच्या ८५ आणि ८६ नंबरच्या पिनांमधला (आतल्या कॉइलचा) रेझिस्टन्स मोजा. साधारण ६० ते १०० ओहम हवा. आवाज येऊनही फॅन बंदच असेल तर रिलेच्या सॉकेटमध्ये ३० नंबरला (बॅटरीकडून येणारी पिन) १२ व्होल्ट आहेत का बघा. असतील तर ३० आणि ८७ (फॅनकडे जाणारी पिन) फ्यूज लावलेल्या जाड वायरने जोडा. आता फिरला तर रिलेचे पॉइंट जळालेत.

प्रश्नकर्ता
कनेक्टरची दोन टोकं जोडल्यावर फिरतो, पण मलूल. थेट बॅटरीवर याच्या दुप्पट वेग वाटतो.

उत्तर २
म्हणजे दोष दोन आहेत. आधी मलूलपणा. फॅन बंद ठेवून व्होल्टेज मोजू नका; गंजलेल्या जोडातूनही मीटर १२ दाखवतो, कारण करंटच वाहत नसतो. फॅन चालू ठेवून मीटरचा एक प्रोब बॅटरीच्या प्लसवर आणि दुसरा मोटरच्या प्लसवर धरा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर प्लसच्या बाजूला व्होल्टेज वाटेतच वाया जातंय. मग तसंच बॅटरीचा मायनस ते मोटरची अर्थ वायर. जुन्या गाडीत बहुतेकदा अर्थ वायरचा लग (टोकाची बोल्टने आवळायची कडी) बॉडीवर गंजलेला सापडतो: उघडा, पॉलिश पेपरने चकचकीत करा, घट्ट आवळा. रिले सॉकेटची ३० नंबरची पिन तपकिरी पडली असेल तर ती बदलाच. जास्त अँपिअरचा फ्यूज घालणं हा उपाय नव्हे, त्याने वायर जळते.

उत्तर ३
स्विचबद्दल. काटा वर चढलेला असताना रेडिएटरचा खालचा होज (रबरी पाइप) थंडच असेल तर स्विच निर्दोष असू शकतो. थर्मोस्टॅट (ठरलेल्या तापमानाला उघडून पाणी रेडिएटरमधून फिरू देणारा वॉल्व्ह) बंद अवस्थेत अडकलाय किंवा कूलंट कमी होऊन हवा भरलीय, दोन्हींत गरम पाणी स्विचला शिवतच नाही. होज तापत असेल तर मात्र इंजिन पूर्ण थंड झाल्यावर (गरम असताना कॅप उघडली की उकळतं पाणी अंगावर येतं) स्विच काढा, त्याचं टोक पातेल्यातल्या पाण्यात बुडवा, थर्मामीटर लावा आणि मीटर कंटिन्युइटीवर (सर्किट जोडलं की बीप वाजतो ती सेटिंग) ठेवून, प्रोब स्विचच्या दोन पिनांना लावून पाणी तापवा. स्विचच्या अंगावर बहुधा ९५-९० किंवा ९२-८७ असे आकडे कोरलेले असतात, पहिला सुरू होण्याचा आणि दुसरा बंद होण्याचा. पाणी उकळू लागलं तरी बीप नाही, तर नवा घ्या. आकडे तेच हवेत, आणि वॉशरही नवा घाला.

प्रश्नकर्ता
खालचा होज थंडच आहे, वरचा मात्र हात लावता येत नाही इतका तापलाय.

उत्तर ३
मग थर्मोस्टॅट काढून त्याच पातेल्यात टाका. त्याच्यावर लिहिलेल्या तापमानाला वॉल्व्ह उघडायला लागला नाही तर बदला. थर्मोस्विचचे पैसे वाचले. कूलंट भरताना हीटर पूर्ण गरमवर ठेवा, म्हणजे हवा अडकणार नाही.