दीर्घ आजारपण आणि घरातला पसारा: तुमचे अनुभव लिहा

मला संधिवात होऊन अकरा वर्षं झाली. वयोमानाने सांधे झिजतात तो नव्हे, र्‍हुमॅटॉइड. सकाळी उठल्यावर बोटं वळत नाहीत, हात मोकळे व्हायला तास-दीड तास जातो. घर आवरायची वेळ असते नेमकी तीच. धुतलेले कपडे खुर्चीवर, बसायला खुर्ची लागली की पलंगावर, झोपताना परत खुर्चीवर. कुणी येणार म्हटलं की पोटात गोळा येतो.

धागा काढायचं कारण वेगळंच आहे. गेल्या महिन्यात उशाजवळच्या डब्यात मेथोट्रेक्सेटची जुनी स्ट्रिप सापडली, आताच्यापेक्षा वेगळ्या ताकदीची. आमच्या आजारात ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. चुकून रोज घेतली गेली तर रक्तातल्या पेशी घटतात, जिवावर बेतू शकतं. आणि माझ्याकडे नव्या-जुन्या सगळ्या स्ट्रिप्स एकाच डब्यात! पसाऱ्याची लाज मला रोजच वाटते, त्या दिवशी भीती वाटली.

तर सांगा, तुम्ही काय करता? टापटिपीचे नियम नकोत, ते धडधाकट माणसांसाठी असतात. काय जमलं आणि काय सोडून दिलंत, ते हवं आहे.

*

मला एमई आहे, क्रॉनिक फटीग सिंड्रोम म्हणतात तो. तीन वर्षांपूर्वी एक दिवस खूप बरं वाटत होतं, म्हणून अख्खं कपाट रिकामं करून पुन्हा लावलं. रात्री समाधानाने झोपले. दुसरा दिवसही बरा गेला. तिसऱ्या दिवशी केस विंचरायला हात वर जाईना, आणि पुढचे दोन आठवडे अंथरुणात गेले. श्रमांचा फटका या आजारात उशिरा बसतो, बऱ्याचदा बारा ते अठ्ठेचाळीस तासांनी. त्यामुळे करताना कळतच नाही की आपण मर्यादा ओलांडतोय. ‘अंगात बळ आहे तोवर उरकून घे’ हा सल्ला प्रेमाने दिला जातो, पण आम्हाला तोच आडवं करतो.

आता दहा मिनिटांचा गजर लावते आणि बसूनच एक खण आवरते. गजर वाजला की थांबायचं, बरं वाटत असलं तरी. खण अर्धाच झालेला असतो, उरलेलं सामान जमिनीवर असतं. ते तसंच टाकून आडवं होणं शिकायला मला वर्ष लागलं. आवरण्यापेक्षा तेच कठीण होतं.

*

सीओपीडी आहे, श्वासनलिका अरुंद होण्याचा फुप्फुसांचा जुनाट आजार. वाकलं की दम लागतो, म्हणून रोजचं सगळं कंबर ते खांदा या उंचीत आणलंय. उचलताना ओठांचा चंबू करून हळूहळू श्वास सोडतो. खालच्या फळीवर काय आहे ते मलाही आता आठवत नाही, आणि त्यावाचून काही अडलेलं नाही.

*

मी आजारी नाही, माझ्या बाबांना पार्किन्सन्स आहे. ते चार दिवस बहिणीकडे गेले असताना आम्ही त्यांची खोली चकाचक केली. परत आले आणि दारातच उभे राहिले. चष्म्याचा डबा, वह्या, रेडिओ, काहीच जागेवर नव्हतं. ‘माझ्या खोलीत मीच पाहुणा झालो’ म्हणाले. तो चेहरा अजून डोळ्यांसमोरून जात नाही.

त्यांचे पाय अरुंद जागेत, दारापाशी, जमिनीला चिकटल्यासारखे होतात. तिथे एखादी पिशवी पडलेली असेल तर तोल गेलाच समजा. मग त्यांनाच विचारलं, काय हलवू? पलंगापासून बाथरूमपर्यंतची वाट रिकामी करायची, एवढं ठरलं. फिजिओंच्या सांगण्यावरून त्या वाटेवर रंगीत पट्ट्या आडव्या चिकटवल्या. पट्टी ओलांडायची म्हटलं की पाऊल उचललं जातं. कोपऱ्यातला वह्यांचा ढीग आहे तिथेच आहे, त्याला कुणी हात लावत नाही.

*

मला ल्युपस आहे, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती शरीरावरच उलटते तो आजार. माझ्या घराची अवस्था बघून एका नातेवाइकांनी ‘तुला साठवण्याचा आजार आहे’ असं सुनावलं होतं. मीही घाबरून वाचत बसले. तो खरोखर वेगळा आजार आहे, 2013 च्या डीएसएम-5 मध्ये, म्हणजे मानसिक आजारांच्या अमेरिकन निदान-पुस्तिकेत, त्याला स्वतंत्र स्थान मिळालं. पण त्यात वस्तू टाकून देणं मनाला सोसवत नाही. मला टाकताना काहीही वाटत नाही. पिशवी भरून दारापर्यंत न्यायचं बळ नसतं, एवढंच. कुणी उचलून नेणार असेल तर अर्धं घर आज देईन.

*

सगळ्यांचं वाचलं, काही दोनदा. जुन्या स्ट्रिप्स निवडून औषधाच्या दुकानात विचारून दिल्या. मेथोट्रेक्सेटसाठी वेगळा डबा केला आणि त्यावर वार लिहिला. झाकण सहज उघडेल असा डबा शोधण्यातच दोन दिवस गेले. कपड्यांना हात लावलेला नाही.

एकटं राहणाऱ्या कुणाचा अनुभव अजून आलेला नाही. दारापर्यंत पिशवी नेणारं दुसरं माणूसच घरात नसेल तर कसं निभावता, तेही लिहा. दोन ओळी लिहिल्यात तरी चालेल.