तळाची तारीख छपाईची नव्हे

इंग्लिश व्यंगचित्रकार जेम्स गिलरेच्या 'प्लम पुडिंग' या छापील व्यंगचित्राखाली 26 फेब्रुवारी 1805 ही तारीख आहे, म्हणजे हातातली प्रत त्याच वेळची, असं कुणी म्हणेल. तसं धरू नका. तारीख तांब्याच्या पत्र्यावरच कोरलेली, त्यामुळे नंतरच्या छपाईतही तीच उमटते. 1850च्या सुमारास लंडनचे प्रकाशक हेन्री बोन यांनी मूळ पत्र्यांवरून पुन्हा प्रती काढल्या, बहुधा बिनरंगी आणि कागदाच्या दोन्ही बाजूंना. म्हणून आधी कागद उलटा करा. मागे दुसरं चित्र असेल तर प्रश्नच मिटला. नसेल तर उजेडासमोर धरून वॉटरमार्क, म्हणजे कागद बनवतानाच त्यात उमटवलेली खूण, बघा. व्हॉटमन या इंग्लिश कागद-उत्पादकाच्या कागदात बरेचदा सालही सापडतं, आणि ते 1805 नंतरचं असेल तर प्रत उशिराचीच. रंगावर अजिबात विसंबू नका, बिनरंगी प्रत कुणीही कधीही हाताने रंगवू शकतो. भिंगाखाली रेषांऐवजी बारीक ठिपक्यांची जाळी दिसली, तर ती फोटोवरून छापलेली नक्कल.