बारीकसारीक रुसवे मनातून काढायचे कसे?

शाहूपुरीची_ताई
जय ख्रिस्त. कोल्हापुरात आपल्या चर्चच्या मंडळ्यांमध्ये मोठी भांडणं कमी, पण रुसवे लई. नाताळच्या जेवणाला पांढऱ्या रश्श्यासाठी दिलेलं पातेलं झाकणाशिवाय परत येतं. नाताळची गाणी गात घरोघरी फिरणारे कॅरलवाले एक घर सोडून पुढं जातात. उपासनेनंतर दारात कुणी ओळख दाखवत नाही. "क्षमा केली" अशी प्रार्थना होते, आणि पुढच्या रविवारी तेच माणूस समोरच्या बाकावर दिसलं की पोटात पुन्हा ढवळतं. नक्की चुकतं कुठं?

जुना_उपासक
ताई, बहुतेक वेळा क्षमा मोघम होते, तिथंच चुकतं. आपण प्रभूच्या प्रार्थनेत म्हणतो, "जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे". शब्द ऋणाचा आहे, आणि किती ते ठरवल्याशिवाय ऋण सोडता येत नाही. म्हणून आधी कागदावर एकच ओळ लिहा: झाकण आलं नाही. "तिला माझी किंमतच नाही" हे त्या ओळीत घालू नका, तो आपला अंदाज. त्या ओळीखाली तिच्याकडून आपलं काय बाकी आहे ते लिहा: एक झाकण, एक "चुकलं" हा शब्द. मग देवासमोर नाव घेऊन म्हणा, "हे मी आता मागणार नाही." कागद फाडा.

यानंतर तीन पथ्यं. तिच्याकडे विषय काढायचा नाही, तिसऱ्याकडे काढायचा नाही, आणि रात्री पडल्या पडल्या मनातही उगाळायचा नाही. तिसरं सगळ्यात अवघड. आठवण आली म्हणजे क्षमा खोटी होती असं नव्हे. आली की तेवढंच वाक्य पुन्हा म्हणा. येशूनं आपल्या शिष्याला, पेत्राला, "साताच्या सत्तर वेळा" क्षमा कर असं सांगितलं, ते एकाच दुखण्यालाही लागू पडतं असं मला वाटतं.

रंकाळा_काठ
बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानातला, 18व्या अध्यायातला (मत्तय 18) दाखला आकड्यांसकट वाचावा. राजा एका दासाचं सगळं कर्ज सोडतो, पण तो दास आपल्या सोबतीच्या दासाचं छोटं कर्ज सोडत नाही. पहिल्या दासाचं कर्ज 10,000 तालांत. एक तालांत म्हणजे सुमारे 6,000 दीनार, आणि दीनार ही मजुराची एका दिवसाची मजुरी. म्हणजे 6 कोटी दिवसांची मजुरी! दुसऱ्याकडून त्याचं येणं 100 दीनार. पण 100 दीनार म्हणजेही तीन-चार महिन्यांचा पगार, हे लोक विसरतात. "तुझं दुखणं काहीच नाही" असं प्रभू म्हणत नाही. दुखणं खरं आहे, फक्त आपल्याला सुटलेल्या कर्जापुढं ते ठेवून बघायचं. झाकण तर 100 दीनारांच्याही आत बसतं.

पायरी_पायरीने
वरच्याशी सहमत, पण एक भर. समोरच्याला पत्ताच नसताना "मी तुम्हाला माफ केलं" असं जाऊन सांगू नका. ती क्षमा नसते, आरोप असतो, आणि त्यातून नवा रुसवा उभा राहतो.

जायचं कधी? दोन रविवार गेले तरी बोलणं आखडतंच आहे, किंवा तीच गोष्ट पुन्हा पुन्हा घडते आहे, तेव्हा. मत्तय 18:15 प्रमाणे एकट्यानंच जायचं. पाळकसाहेब, महिला संघ, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप यांच्याकडे आधी नाही. आपल्याकडं निम्मी मंडळी एकमेकांची सोयरी असते, संध्याकाळपर्यंत गोष्ट तीन घरं फिरते. दारात, घाईत नको. घरी जा, बसा आणि सरळ बोला: "काकू, पातेल्याचं झाकण राहिलंय का तुमच्याकडं? मनात राहिलं होतं, म्हणून विचारलं." "तुम्ही नेहमीच..." हा शब्द आला की पुढचं सगळं बिघडतं.

शाहूपुरीची_ताई
आणि कुणी उसने पैसे घेऊन देत नसेल तर?

जुना_उपासक
तो रुसवा नव्हे, व्यवहार. मनातला राग सोडा, पैसे मात्र शांतपणे मागा. टाळाटाळ झाली तर मत्तय 18:16 प्रमाणे एक-दोन जणांना सोबत घेऊन जा. क्षमा केली म्हणून पुन्हा उसने द्यायलाच हवेत असं नाही. विश्वास वागणुकीतून परत येतो, त्याला वेळ लागतो. घरात मारहाण होत असेल तर मात्र यातलं काहीही लावू नका. तिथं आधी त्या माणसाला सुरक्षित जागी न्यायचं.