शुक्राभोवती फिरणारे यान ढगांखालचे वातावरण कसे मोजते?

प्रश्न – शुक्रोदय

नमस्कार. मी कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतो. इस्रोच्या शुक्र मोहिमेला सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाल्यापासून विद्यार्थी शुक्राविषयी बरेच विचारू लागले आहेत. त्यांच्या एका प्रश्नाचे उत्तर मला नीट समजून घ्यायचे आहे.

साधारण ४८ ते ७० किलोमीटर उंचीच्या पट्ट्यात सल्फ्युरिक आम्लाच्या ढगांनी शुक्र सर्व बाजूंनी झाकलेला आहे. तरीही ५० किलोमीटर उंचीवर तापमान सुमारे ७५ अंश सेल्सियस आणि दाब जवळजवळ आपल्या समुद्रसपाटीइतका असतो, असे आपण खात्रीने सांगतो. सोव्हिएत संघाच्या व्हेनेरा आणि अमेरिकेच्या पायोनियर व्हीनस मोहिमांची उपकरणे प्रत्यक्ष आत उतरली होती हे मला ठाऊक आहे, पण त्या मोजण्या मोजक्या ठिकाणच्या आणि थोड्या वेळाच्या होत्या. युरोपचे व्हीनस एक्सप्रेस आणि जपानचे अकात्सुकी ही याने मात्र मोजणीसाठी कधीच ढगांत शिरली नाहीत आणि वर्षानुवर्षे कक्षेतच फिरत राहिली. बाहेर राहून त्यांनी आतले तापमान कसे मोजले? शिवाय, ढगांच्या माथ्यावर सेकंदाला सुमारे १०० मीटर वेगाने वारा वाहत असताना अकात्सुकीला तिथल्या तापमानाच्या चित्रात दिसलेली प्रचंड धनुष्याकृती रचना जागच्या जागी कशी थांबली?

उत्तर १ – अवरक्त

पहिल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर प्रकाशाच्या तरंगलांबीत आहे. ढग ‘अपारदर्शक’ आहेत हे विधान डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशापुरते खरे आहे. प्रत्येक तरंगलांबी वेगळ्या उंचीवरून आपल्यापर्यंत पोहोचते, म्हणून अकात्सुकीवर एकच मोठा कॅमेरा न ठेवता निरनिराळ्या तरंगलांब्यांसाठी पाच कॅमेरे बसवले होते. अतिनील कॅमेरा २८३ आणि ३६५ नॅनोमीटरवर ढगांचा माथा पाहत असे. पहिल्या तरंगलांबीवर सल्फर डायऑक्साइडचे शोषण दिसते, तर दुसऱ्या तरंगलांबीवर प्रकाश शोषणारा पदार्थ कोणता, याचा निर्णय अजून झालेला नाही. दीर्घ अवरक्त कॅमेरा १० मायक्रॉनच्या आसपास त्याच माथ्याची उष्णता मोजत असे आणि त्याला दिवस-रात्रीचा फरक पडत नसे.

खाली डोकावण्याची सोय शुक्राच्या रात्रीच्या बाजूला आहे. १.७ आणि २.३ मायक्रॉनजवळ कार्बन डायऑक्साइडचे शोषण कमी असते, त्यामुळे खालच्या तप्त थरांतून निघालेले अवरक्त किरण ढगांतून झिरपत वर येतात आणि जिथे ढग दाट तिथे चित्रात काळा डाग उमटतो. ५० किलोमीटरच्या आसपासच्या ढगांची हालचाल अशी कळते. १ मायक्रॉनजवळ तर जमिनीची उष्णतासुद्धा जाणवते. या तरंगलांब्यांवर पाहणारे अकात्सुकीचे दोन निकट-अवरक्त कॅमेरे डिसेंबर २०१६ मध्ये बंद पडले. माझ्या मते त्या मोहिमेचे सर्वांत मोठे नुकसान हेच होते, कारण इतर तीन कॅमेऱ्यांपैकी एकालाही ढगांच्या खालच्या थरात पाहता येत नव्हते.

उत्तर २ – पिधान

वरच्या उत्तरात चित्रे आली, पण उंचीनुसार तापमानाचा जो आलेख आपल्याला हवा आहे तो मुख्यतः रेडिओ पिधानातून, म्हणजे यान ग्रहाआड जाताना त्याच्या रेडिओ संदेशात होणारा बदल मोजून, मिळतो. वर्गात शिकवायला याइतका चांगला विषय नाही, कारण अकरावी-बारावीला शिकवलेले अपवर्तन आणि डॉप्लर परिणाम यांवरच ही सारी पद्धत उभी आहे.

पृथ्वीवरून पाहताना यान शुक्राच्या आड जाऊ लागले की त्याचा रेडिओ संदेश शुक्राच्या वातावरणाला आडवा छेदून आपल्याकडे येतो. अकात्सुकी ८.४ गिगाहर्ट्झचा संदेश पाठवत असे. वातावरणात किरण वाकतो, त्याचा मार्ग बदलत जातो आणि त्यामुळे इथे मिळणारी कंप्रता अपेक्षित कंप्रतेपेक्षा थोडी सरकते. हा सरक इतका बारीक असतो की यानातले घड्याळच डळमळीत असेल तर काहीच हाती लागणार नाही. म्हणून अकात्सुकीवर अतिस्थिर दोलक ठेवला होता, ज्याचा चढउतार एक लाख कोटी आवर्तनांत एका आवर्तनापेक्षा कमी होता. किरण वाकत असल्यामुळे अँटेना थेट पृथ्वीकडे रोखून चालत नाही. यान हळूहळू वळवत राहावे लागते, म्हणजे वाकून आलेला किरण नेमका आपल्याकडे पोहोचतो.

कंप्रतेच्या सरकावरून प्रत्येक क्षणी किरण किती वाकला हे काढतात, त्यावरून उंचीनुसार अपवर्तनांक आणि अपवर्तनांकावरून वायूची घनता मिळते. शुक्राचे वातावरण सुमारे ९६.५ टक्के कार्बन डायऑक्साइड आणि ३.५ टक्के नायट्रोजन आहे हे आधीच माहीत असल्यामुळे ही पायरी सुलभ होते. मग वरून खाली येत प्रत्येक थरावर त्याच्या वरच्या वायूचे किती वजन आहे याची बेरीज केली की दाब मिळतो, आणि दाब व घनता यांवरून तापमान. संदेशाचा जोर किती घटला हेही मोजतात, कारण ढगांखालची सल्फ्युरिक आम्लाची वाफ या कंप्रतेचे रेडिओ तरंग शोषून घेते. अशा रीतीने एकाच प्रयोगातून तापमान आणि आम्लाच्या वाफेचे प्रमाण अशा दोन गोष्टी कळतात.

आपल्या विद्यार्थ्यांना हेही आवर्जून सांगावे की अकात्सुकीचे हे संदेश जपानमधील उसुदाच्या ६४ मीटर अँटेनाबरोबरच बंगळूरुजवळ ब्यालालू येथील इस्रोच्या ३२ मीटर अँटेनावरही टिपले गेले आणि भारतीय शास्त्रज्ञांनी त्यांवर काम केले. म्हणजे शुक्राच्या वातावरणाचे कक्षेतून होणारे मापन आपल्याकडे नव्या मोहिमेच्या आधीच सुरू झाले होते.

शुक्रोदय

मनापासून आभार. एक शंका उरते. या गणितात बऱ्याच गोष्टी गृहीत धरल्या जातात असे वाटते. मग मिळालेल्या तापमानावर किती विश्वास ठेवावा?

पिधान

शंका योग्य आहे. एक गृहीत असे की त्या परिसरात वातावरणाचे थर ग्रहाच्या गोलाईला समांतर आहेत. दुसरे असे की सर्वांत वरच्या टोकाला, ९० किलोमीटरच्या आसपास, तापमान किती हे आपल्याला बाहेरून द्यावे लागते. ते चुकले तर वरचे काही किलोमीटर चुकतात, पण खाली घनता इतक्या झपाट्याने वाढते की त्या चुकीचा प्रभाव लवकरच नगण्य होतो. ढगांच्या पट्ट्यातले आकडे म्हणूनच भक्कम आहेत. खालच्या बाजूची मर्यादा मात्र कठोर आहे. साधारण ३२ किलोमीटरच्या खाली वातावरण किरणाला इतके वाकवते की तो पुन्हा बाहेर पडतच नाही. त्याखालच्या थरासाठी उतरलेल्या उपकरणांच्या नोंदींना आजही पर्याय नाही.

उत्तर ३ – अफ्रोडाईट

धनुष्याकृतीविषयी लिहितो. डिसेंबर २०१० मध्ये मुख्य इंजिन निकामी झाल्यामुळे अकात्सुकीची कक्षा हुकली होती. त्यानंतर पाच वर्षे सूर्याभोवती फिरून ७ डिसेंबर २०१५ रोजी हे यान लहान इंजिनांच्या बळावर शुक्राच्या कक्षेत शिरले, आणि लगेच दीर्घ अवरक्त कॅमेऱ्याने सुमारे १०,००० किलोमीटर लांबीची उत्तर-दक्षिण पसरलेली ही रचना टिपली. पुढचे काही दिवस ती शुक्रावरच्या अफ्रोडाईट नावाच्या उंच पठाराच्या वरच राहिली. ओढ्यातल्या दगडावरून पाणी धावत असते, पण दगडामुळे उठलेली लाट तिथेच उभी असते, तसेच इथे घडते. खालचा वारा पठारावर आदळून गुरुत्व-तरंग (वर ढकललेली हवा गुरुत्वामुळे पुन्हा खाली येत झुलू लागल्याने उठणाऱ्या लाटा) उठतात, ते वर चढत ढगांच्या माथ्यापर्यंत पोहोचतात आणि तिथल्या तापमानात काही अंशांचा फरक पाडतात. पुढच्या निरीक्षणांत अशा रचना उंच प्रदेशांवर आणि मुख्यतः तिथल्या दुपारनंतर दिसल्या, तेव्हा सूर्याच्या उष्णतेचाही त्यात वाटा असला पाहिजे.

यातून वाऱ्याच्या मोजणीबद्दल एक सावधगिरी निघते. चित्रांतल्या ठिपक्यांच्या सरकण्यावरून वाऱ्याचा वेग काढताना ते ठिपके वाऱ्याबरोबर वाहत आहेत असे आपण मानतो, आणि ही रचना मुळीच वाहत नव्हती. व्हीनस एक्सप्रेसच्या चित्रांवरून सहा वर्षांत वाऱ्याचा वेग ताशी सुमारे ३०० वरून ४०० किलोमीटरवर गेल्याचे २०१३ मध्ये मांडले गेले. नंतर त्याच चित्रांच्या अभ्यासात अफ्रोडाईटच्या वर वारा मंदावतो असे दिसले. म्हणजे कोणत्या वर्षी कोणत्या रेखांशाची चित्रे अधिक मिळाली यावरही सरासरी हलू शकते. त्यामुळे ‘शुक्रावरचा वारा वाढला’ असे वर्गात निःसंदिग्धपणे सांगू नये असे मला वाटते.

यानाची कक्षा कोणती, हाही मुद्दा इथे येतो. व्हीनस एक्सप्रेस २००६ ते २०१४ या काळात ध्रुवांवरून जाणाऱ्या २४ तासांच्या लांबट कक्षेत होते. उत्तर ध्रुवाजवळ ते सुमारे २५० किलोमीटरपर्यंत खाली येई आणि दक्षिणेकडे ६६,००० किलोमीटर दूर जाई, त्यामुळे दक्षिण ध्रुवावरचा प्रचंड भोवरा त्याला तासन्‌तास न्याहाळता आला. अकात्सुकी विषुववृत्ताच्या जवळच्या कक्षेत, वातावरण ज्या दिशेने फिरते त्याच दिशेने फिरत होते. तिचा सर्वांत दूरचा बिंदू ठरलेल्या ८०,००० किलोमीटरऐवजी सुमारे ३,६०,००० किलोमीटरवर गेल्यामुळे चित्रांतला बारकावा कमी झाला, तरी संपूर्ण बिंब सलग कित्येक तास पाहण्याची सोय टिकली. दिवस आणि रात्र या दोन्ही बाजूंचे वारे अशा रीतीने मोजता आले, म्हणूनच २०२० मध्ये विषुववृत्तावरचा अतिवेगवान वारा टिकवून धरण्यात सूर्याच्या उष्णतेने उठणाऱ्या भरतीसदृश लहरींचा मोठा वाटा असल्याचे दाखवता आले. ध्रुवीय कक्षेतल्या यानाला हे साधले नसते.