जोदोत कुमिते नाही, नुसत्या काताने लढायला येईल का?

ब्रह्मगिरी_नाशिक:
नमस्कार मंडळी. मी फुकुओकात पीएचडी करतोय. नाशिकला शाळेपासून कराटे केलं, स्पर्धांत कुमिते, म्हणजे समोरासमोरची मोकळी लढत, खेळलो. इथे आल्यावर शिंतो मुसो र्‍यू या जुन्या परंपरेचा जोदो, म्हणजे काठीची जपानी युद्धकला, धरला. माझ्या हातात १२८ सेंटीमीटरची ओकची गोल काठी, समोर लाकडी तलवार. पावसाळ्यात सुरुवात केली, आता थंडी पडली, तरी अर्धा वर्ग किहोनमध्येच, म्हणजे मूळ फटक्यांच्या सरावातच जातो. हिकिओतोशी-उची (तलवार बाजूला फेकणारा फटका) मारली की सेन्सेई माझ्या कमरेकडे बोट दाखवतात आणि पुढच्याकडे वळतात. पुढे फक्त काता, म्हणजे जोडीने करायच्या ठरलेल्या चाली, आणि त्यात काय होणार हे दोघांनाही आधीच ठाऊक. उद्या कोणी खरंच अंगावर आलं तर यातलं काय कामाला येईल? मला मनापासून शिकायचंय, म्हणून विचारतोय.

सुईदोरा:
अरे, तुझ्यासमोर तलवार कोण धरतं? बहुधा वर्गातलं सगळ्यांत जुनं माणूस. प्रत्येक कातात तलवारवाला, म्हणजे उचिदाची, हरतो; आणि ते काम ज्येष्ठांकडेच असतं. मी सायतामात शिकते. माझ्यासमोर सत्तरीतल्या एक आजी उभ्या राहतात. 'सुइगेत्सु' या कातात त्या डोक्यावर वार करतात, मी तिरकं पुढे सरकून त्यांच्या छातीखालच्या खळगीवर काठी रोखायची. काय होणार हे दोघींना माहीत असतं, खरंय. पण मी घाईने आधीच हलले, तर त्यांचा वार मी जिथे गेले तिथे येतो. उशीर झाला, तर तलवार कपाळाशी थांबलेली असते, आणि थांबवतात त्याच. मी जरा सुधारले की वार आणखी वेगाने येतो. कुमितेत साधारण तुझ्याच तोलाचा भिडू मिळतो. इथे तुझ्याहून कितीतरी पुढचं माणूस, तुला झेपेल त्याच्या किंचित पलीकडचा वार दर वेळी देतं. याहून चांगलं शिक्षण मी तरी पाहिलेलं नाही.

कमरेचं म्हणशील, तर तू हातांनी मारतोयस. कंबर वळली की काठी तलवारीच्या बाजूवरून घसरत जाते आणि तलवार दूर फेकली जाते. खांद्याचा जोर लावलास तर नुसतीच आपटते. आणि किहोनला कंटाळू नकोस. ते बारा प्रकार शिमिझु ताकाजींनी कातांमधूनच वेचून बसवले, मोठ्या वर्गाला शिकवता यावं म्हणून. टोकियोच्या पोलिसांना काठी शिकवणारे तेच.

गडवाट:
फुकुओकात राहून होमान डोंगर चढलास की नाही? आपल्या परंपरेचा मूळ पुरुष मुसो गोन्नोसुके प्रसिद्ध तलवारबाज मियामोतो मुसाशीकडून हरला, तिथल्या कामादो देवस्थानात जाऊन राहिला आणि तिथेच त्याला ही काठी सुचली, असं परंपरा सांगते. पुढे फुकुओकाच्या कुरोदा सरदार घराण्याने त्याला पदरी ठेवलं. दाझाइफूहून जवळ आहे, जाऊन ये. बेल्टची सवय असेल तर केंडो महासंघाच्या १२ सेइतेई (प्रमाणित) कातांवर 'दान' म्हणजे दर्जाच्या परीक्षा देता येतात. जुन्या परंपरेत ओकुइरी या सुरुवातीच्या दाखल्यापासून मेन्क्यो कायदेन या पूर्ण विद्येच्या दाखल्यापर्यंत वेगळ्या पायर्‍या आहेत, तिथे घाई चालत नाही.

ब्रह्मगिरी_नाशिक:
ताई, तलवार आजोबाच धरतात. त्यांना वार जरा जोरात द्या, असं सांगितलं तर चालेल?

सुईदोरा:
सांगू नकोस, ते त्यांनीच ठरवायचं. तू फक्त वार निघेपर्यंत जागचा हलू नकोस. त्यांना लगेच कळेल.