श्वसन गुणांकातील चढउतार: दोष यंत्राचा की उंदराचा?

प्रश्न: चयापचय मोजण्याच्या बंद पिंजऱ्यात आमच्या उंदरांचा श्वसन गुणांक (बाहेर सोडलेला कार्बन डायऑक्साइड भागिले घेतलेला ऑक्सिजन) पहिल्या दिवशी ०.७५ च्या आसपास राहिला आणि तिसऱ्या रात्री ०.९५ पर्यंत चढला. संवेदक बिघडला असे समजावे का?

उत्तर १: कॅलिब्रेशन अवश्य तपासावे, पण बहुधा दोष यंत्राचा नाही. अनोळखी पिंजऱ्यात उंदीर कमी खातो, चरबी जाळतो आणि गुणांक ०.७ कडे झुकतो; तो रात्री पोटभर खाऊ लागला की कर्बोदके जळतात आणि गुणांक १ जवळ जातो. पहिले एक-दोन दिवस सवयीसाठीच सोडावेत.

उत्तर २: तापमानही नोंदवावे. २२ अंश सेल्सिअसला उंदीर बरीच ऊर्जा केवळ ऊब टिकवण्यासाठी खर्च करतो.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. उंदरांच्या पंजांच्या पकडीची ताकदही त्याच दिवशी मोजावी का?

उत्तर १: नको, हाताळणीच्या ताणाने पिंजऱ्यातील नोंदी बिघडतात.