आई रात्री अडीचला भांडी घासत बसते. अश्वगंधामुळे असं होऊ शकतं का?

मिरजेची_लेक
आई ६१ वर्षांची. थायरॉईडची ७५ ची गोळी बरीच वर्षं चालू आहे, तब्येत ठणठणीत होती. दिवाळीनंतर थकव्यासाठी भिशीतल्या एका काकूंनी अश्वगंधाच्या कॅप्सूल सुचवल्या, त्या ती सकाळ-संध्याकाळ घेते. आता तिची झोपच उडाली आहे. मध्यरात्री माळ्यावरची तांब्याची भांडी काढते आणि चिंच लावून घासत बसते. बोलणं इतकं भरभर की मध्ये शब्द घालता येत नाही. परवा बाबा म्हणाले, "अगं, झोप की आता," तर हातातलं ताट भिरकावलं. आजवर कुणाला अरेतुरे न करणारी बाई! हात थरथरतात, छातीत धडधडतं, ब्लाऊज सैल झालेत. मामा म्हणतात वयामुळे होतं. मावशी म्हणते बाहेरचं आहे, उतारा टाक. मला त्या डबीचाच संशय येतोय.

सह्याद्री७२
ताई, आयुर्वेदिक औषधाला साइड इफेक्ट नसतात. मनावर ताण असेल. कॅप्सूल बंद करू नका, उलट झोपेला फायदाच होईल.

वैद्य_कोल्हापूर
दादा, मी स्वतः वैद्य आहे, अश्वगंधा रोज लिहून देते, म्हणूनच सांगते: असं कुणाला सांगू नका. ज्या औषधाला गुण आहे त्याला अवगुणही असतो. सर्पगंधेचंच बघा. मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकिलांनी १९४९ मध्ये ब्लडप्रेशरवरचा तिचा उपयोग जगापुढे मांडला. पुढे तिच्यातून रेसर्पिन वेगळं काढलं, ते जगभर वापरलं गेलं, आणि ते घेणाऱ्या काही रुग्णांना खोल नैराश्य आल्याच्या नोंदी झाल्या. तीही झाडाची मुळीच होती ना?

मिरजेच्या ताई, तुमचा संशय रास्त आहे. अश्वगंधामुळे काहींमध्ये थायरॉईडची पातळी वाढते. २०१८ मध्ये थायरॉईड किंचित कमी असलेल्या ५० जणांवर चाचणी झाली. त्यात मुळाचा अर्क रोज ६०० मिलिग्रॅम, ८ आठवडे दिला, तर टी३ आणि टी४ ही थायरॉईडची संप्रेरकं वाढली, टीएसएच उतरलं (थायरॉईड वाढलं की ते उतरतं). तिथे ते हवंच होतं. तुमच्या आईंच्या पोटात मात्र आधीच ७५ ची गोळी जाते. थायरॉईड जास्त झालं की धडधड, थरथर, वजन उतरणं, चिडचिड, झोप उडणं हे सगळं होतं, आणि घरच्यांना वाटतं बाई बदलली.

आणखी एक. ग्रंथातली मात्रा मुळाच्या चूर्णाची आहे, ३ ते ६ ग्रॅम, आणि तीही माणूस पाहून. कॅप्सूलमध्ये बहुधा तीव्र केलेला अर्क असतो. चूर्णाचा हिशेब त्याला लावता येत नाही. भिशीत वाटण्याची ही वस्तू नव्हे.

कॅप्सूल आजच थांबवा. थायरॉईडची गोळी मात्र मनाने बंद करू नका किंवा कमी करू नका. उद्याच डॉक्टरांकडे जा, डबी सोबत न्या, टीएसएच, फ्री टी३, फ्री टी४ आणि ईसीजी करून घ्या. रिपोर्ट नॉर्मल आले तरी मानसोपचारतज्ज्ञांना दाखवाच, कारण अश्वगंधा घेताना उन्माद झाल्याच्याही नोंदी आहेत. घरात पूर्वी कुणाला तसा त्रास झाला असेल तर तेही लपवू नका. नाडी फार जोरात चालली, भ्रम झाला किंवा जिवाचं बरंवाईट बोलू लागल्या तर सकाळची वाट न बघता दवाखाना गाठा. रात्री बोलायला कुणी हवं असेल तर टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ आहे, मराठीत बोलतात.

मेडिकलवाला_सांगली
मॅडमनी बरोबर सांगितलं. काउंटरवर मी बघतो, लोक बीपी-शुगरच्या गोळ्या धडाधड सांगतात, पण चूर्ण, काढा, कॅप्सूल कुणी सांगत नाही. त्यांना ते औषधच वाटत नाही. डॉक्टर विचारतील तेव्हा आईंचं सगळं सांगा, गुडघ्याला पुडी वगैरे घेत असतील तर तीसुद्धा. सांधेदुखीच्या काही पुड्यांत स्टेरॉईड मिसळलेलं सापडलंय, आणि त्यानेही डोकं फिरतं.

मिरजेची_लेक
सगळ्यांचे मनापासून आभार. टीएसएच अगदी तळाला, फ्री टी४ वर. कॅप्सूल बंद, गोळी डॉक्टरांनी सध्या कमी केलीय, धडधडीसाठी वेगळी दिलीय. सहा आठवड्यांनी पुन्हा रक्त तपासायचंय. मानसोपचारतज्ज्ञ म्हणाले, थायरॉईड जागेवर येईपर्यंत बघू, तोवर झोपेसाठी हलकी गोळी. मावशीलाही रिपोर्ट दाखवला. डबीची तक्रार कुठे करायची?

मेडिकलवाला_सांगली
१८००-१८०-३०२४, टोल फ्री. औषधांच्या दुष्परिणामांची सरकारी नोंद तिथे होते. बॅच नंबर आणि आईंच्या बाकीच्या गोळ्यांची नावं जवळ ठेवा. डबी मात्र टाकू नका.